गेलो, नाही

दापोली तालुक्यातील एका लहानशा गावात राहणाऱ्या तात्यांनी सात हंगामांच्या वह्या माझ्या हाती सोपवल्या, तेव्हा त्या बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात होत्या आणि डबा उघडताच खाऱ्या दमट कागदाचा वास आला. शंभर पानी, रेघी वह्या. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले सहा रकाने होते: तारीख, वेळ, भरती-ओहोटी, घरटे, अंडी आणि शेरा. तात्या हे त्या गावचे कासवमित्र. नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत रोज रात्री आणि पहाटे पुळणीवरून चालत जायचे, वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला कासवाचा माग दिसला की त्यावरून घरटे शोधायचे, कुत्री आणि कोल्हे पोहोचण्याआधी अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत हलवायची आणि घरी परतल्यावर चहा घेण्यापूर्वी वही लिहायची, असा त्यांचा क्रम होता. मी पुण्यात विम्याच्या दाव्यांच्या आकडेवारीवर काम करतो. या वह्या संगणकात उतरवून त्यांतून काही निष्पन्न होते का हे पाहावे, एवढेच मी स्वतःहून अंगावर घेतले होते, आणि खरे सांगायचे तर दोन रविवारांत हे काम उरकेल अशी माझी समजूत होती.

शेऱ्याच्या रकान्यात एक नोंद वारंवार येत होती: ‘गेलो नाही’. तिच्यासमोर घरट्याचा रकाना रिकामा असे. काही दिवशी शेराही नसे, रकानाच कोरा असे. मी नोकरीत जे रोज करतो तेच येथेही केले. एका आज्ञेसरशी साऱ्या रिकाम्या जागी शून्य भरले आणि आलेख काढला. आलेखात चौथा हंगाम खड्ड्यात गेलेला दिसला. जानेवारीतली घरटी जवळजवळ संपलेली. त्या वर्षी समुद्राचे तापमान काय होते, वादळ कोणते आले होते, ट्रॉलरची वर्दळ वाढली होती का, याची मी दोन रात्री जागून कारणे जुळवली. ती चांगली जुळत होती, हे विशेष.

तात्यांना आलेख दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अरे, तेव्हा मला मलेरिया झालेला. महिनाभर पुळणीचं तोंड पाहिलं नाही. कासवं येऊन गेली असतील की, त्यांना काय ठाऊक तात्या आजारी आहे म्हणून!”

मग आम्ही दोघे वह्या घेऊन ओटीवर बसलो. एकेक ‘गेलो नाही’ तपासू लागलो तेव्हा कळले की हे दोन शब्द तात्यांनी दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरले होते. ‘गेलो, नाही’ म्हणजे गेलो होतो पण घरटे मिळाले नाही. ‘गेलो नाही’ म्हणजे जाणेच झाले नाही. पहिली नोंद हे खरेखुरे शून्य होते आणि दुसरी हा निव्वळ कोरा रकाना होता. मोडीत विरामचिन्हे नव्हती, शब्दही एकमेकांना चिकटून धावत, आणि कोशकार मेजर कँडीने मराठी छापील मजकुरात ती रुजवून आता पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी हाताने लिहिताना आपण स्वल्पविराम गिळतोच. येथे गिळलेल्या त्या एका स्वल्पविरामात कासवांचा एक अख्खा हंगाम बुडाला होता.

तेव्हापासून स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांच्या विदेविषयी, म्हणजे डेटाविषयी, जे जे वाचतो, त्यात मला हा स्वल्पविरामच दिसू लागला आहे. एकाच जंगलात राहणाऱ्या प्राण्याची गोष्ट वेगळी. तो आज दिसला नाही तर उद्या त्याच पाणवठ्यावर बसून राहता येते. स्थलांतर करणारा प्राणी मात्र स्वभावतःच बहुतेक काळ आपल्या नजरेआड असतो. त्याच्या आयुष्याचा तक्ता मांडायचा म्हटला तर नव्वद टक्के रकाने कोरेच राहणार, आणि त्या कोऱ्या रकान्यांचे काय करायचे हाच या शास्त्रातला खरा प्रश्न आहे. भरलेल्या रकान्यांची बेरीज कोणालाही करता येते.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांचेच पाहू. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने संरक्षणाचे काम सुरू केले, तोवर येथील घरट्यांतली अंडी काठीने वाळू टोचून काढली जात आणि खाल्ली किंवा विकली जात. वेळासनंतर आंजर्ले, गुहागर आणि इतर कितीतरी गावे या कामात आली. मादी किनाऱ्यावर येते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि तासाभरात पाण्यात परत जाते. आपण तिला ओळखतो ते या एका तासापुरते. पिल्ले पन्नास-पंचावन्न दिवसांनी बाहेर पडून लाटेत शिरतात आणि त्यांचा तर यापुढचा काही वर्षांचा हिशेबच नाही. नर कासव एकदा समुद्रात गेले की सहसा पुन्हा जमिनीवर येत नाही, त्यामुळे घरट्यांच्या वहीत तो कधीच येत नाही. म्हणजे आपण ज्याला कासवांची आकडेवारी म्हणतो ती वस्तुतः काही गावांच्या काही पुळणींवर, काही रात्री, काही माणसांच्या नजरेस पडलेल्या माद्यांची आकडेवारी असते. एखाद्या वर्षी आणखी दहा गावे गस्त घालू लागली की राज्याचा घरट्यांचा आकडा वाढतो. ती वाढ कासवांची किती आणि कासवमित्रांची किती, हे वेगळे केल्याशिवाय टाळ्या वाजवण्यात अर्थ नसतो.

जानेवारी आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी कोकणात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले. प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री अशी त्यांची नावे ठेवली गेली. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेच्या पाठीवर असे यंत्र बसण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून पहिली ती प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा या दोघींना टॅग लावले. माझ्यासारखे कितीतरी लोक त्या काळात सकाळी उठल्यावर हवामानाआधी नकाशावरचे ठिपके पाहत असत.

तो ठिपका नकाशावर येतो कसा, हे समजून घेतल्यावर माझा त्याच्याकडे पाहण्याचा डोळा बदलला. कासवांच्या टॅगसाठी बहुधा वापरली जाणारी आर्गोस ही व्यवस्था १९७८ पासून चालू आहे. टॅग एका ठरावीक कंपनसंख्येवर क्षणभर साद घालतो आणि वरून जाणारा उपग्रह ती ऐकतो. कोकण रेल्वेची गाडी न थांबता स्टेशनातून जाते तेव्हा शिटीचा स्वर जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरता वाटतो. तसाच वेगाने सरकणाऱ्या उपग्रहाला टॅगचा स्वर बदलत गेलेला ऐकू येतो, आणि त्या बदलावरून टॅग कोठे असेल याचे गणित मांडले जाते. चांगले उत्तर यायला उपग्रह माथ्यावरून जात असताना निदान चार सादा मिळाव्या लागतात. परंतु कासव तर पाण्याखाली. खाऱ्या पाण्यातून लहरी बाहेर पडत नाहीत, म्हणून टॅगमध्ये अशी कळ असते की तो पाण्याबाहेर आला तरच बोलतो. श्वास घ्यायला वर आलेल्या कासवाची पाठ क्षणभर उघडी पडणार, नेमका त्याच वेळी उपग्रह डोक्यावर असणार, आणि एखादी-दुसरी साद पोहोचणार. परिणामी बहुतेक ठिपके अर्धवट ऐकलेले असतात. आर्गोस प्रत्येक ठिपक्याला दर्जाही देते: उत्तम दर्जाच्या ठिपक्यात चूक अडीचशे मीटरच्या आतली मानली जाते, तर निकृष्ट ठिपका कित्येक किलोमीटर भलतीकडे असू शकतो. तसा कच्चा नकाशा पाहिला तर कासव सकाळी समुद्रात, दुपारी चिपळूणच्या एसटी स्टँडवर आणि संध्याकाळी पुन्हा समुद्रात असे हिंडताना दिसेल.

येथे गणित कामाला येते. सलग दोन ठिपक्यांमधले अंतर कापायला कासवाला जेवढ्या वेगाने पोहावे लागेल तो वेग कोणत्याही कासवाला शक्य नसेल, तर ठिपका खोडायचा. उरलेल्या ठिपक्यांना सत्य न मानता सत्याच्या अफवा मानायचे, प्रत्येक अफवेला तिच्या दर्जाप्रमाणे वजन द्यायचे आणि कासव कसे पोहते याच्या ज्ञानाशी त्यांचा मेळ घालून खरा मार्ग अजमावायचा. त्यापुढची पायरी मला सर्वांत आवडते. मार्ग सरळ आणि वेग अधिक असेल तर कासव प्रवासात आहे. वेग मंदावून वळणे वाढली तर ते बहुधा चरत आहे किंवा पुन्हा अंडी घालण्यापूर्वी किनाऱ्याजवळ थांबले आहे. कासवाच्या मनातली ही अवस्था आपल्याला दिसत नाही, केवळ पावले दिसतात, आणि पावलांवरून अवस्थेचा अंदाज बांधणारी प्रतिमाने संख्याशास्त्रात आहेत. किनाऱ्यालगत अमुक पट्ट्यात अमुक आठवड्यांत माद्या रेंगाळतात एवढे जरी त्यातून कळले, तरी तेवढ्या काळापुरती तेथील ओढजाळ्यांची मासेमारी थांबवा असे नेमकेपणाने सांगता येते. संपूर्ण किनारा पाच महिने बंद करा, असे कोणत्याही कोळ्याला सांगून उपयोग नसतो आणि ते न्यायाचेही नसते.

पण पाचही जणींचे ठिपके काही महिन्यांतच एकेक करून थांबले. बातम्यांत ‘संपर्क तुटला’ असे छापून आले आणि वाचणाऱ्याने आपल्या स्वभावाप्रमाणे त्याचा अर्थ लावला. माझ्या आईने सरळ ‘गेली बिचारी’ म्हटले. वास्तविक टॅग गप्प होण्याची कारणे अनेक. बॅटरी संपते, अँटेना मोडते, टॅगवर शंखशिंपल्यांची पुटे चढतात, चिकटवलेला टॅग सुटून पडतो, किंवा कासव खरोखरच मरते. गप्प झालेला टॅग म्हणजे ‘गेलो नाही’. त्यात ‘कासव नाही’ वाचणे ही माझ्या आलेखातलीच चूक होय.

याउलट एक संकेत आहे, तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो. इतके दिवस तुटक, निकृष्ट ठिपके देणारा टॅग अचानक दिवसभर, अखंड, उत्तम दर्जाचे ठिपके देऊ लागला, तर तज्ज्ञांना आनंद होत नाही. कासव आता बुडी मारत नाही, टॅग सतत कोरडा आहे, असा त्याचा अर्थ निघतो. ते कोठल्यातरी बोटीच्या फळीवर असते किंवा किनाऱ्यावर पडलेले असते, आणि कधी कधी तो सुरेख ठिपका हळूहळू जमिनीवरून एखाद्या वस्तीकडे सरकू लागतो. माझ्या कार्यालयात विदा जितकी स्वच्छ तितकी बातमी चांगली, असा रिवाज आहे. समुद्रात तो उलटा लागू पडतो.

बागेश्री मात्र बराच काळ बोलत राहिली. गुहागरहून ती दक्षिणेला निघाली, केरळ ओलांडून श्रीलंकेला पोहोचली आणि बंगालच्या उपसागरात शिरली. पश्चिम किनाऱ्याची कासवे पश्चिमेला आणि ओडिशाची पूर्वेला, अशी जी ढोबळ समजूत होती तिला तिने धक्का दिला. एका कासवाच्या प्रवासावरून नियम सांगता येत नाही, हे मान्य. परंतु ‘असे घडतच नाही’ हे विधान खोडायला एक कासव पुरेसे असते.

आणि मग ३१ जानेवारी २०२५ रोजी गुहागरच्या वाळूत उलट दिशेने एक मादी आली. तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला धातूची पट्टी होती आणि पट्टीवर आकडा होता ०३२३३. ही पट्टी भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संशोधकांनी मार्च २०२१ मध्ये ओडिशात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर, लाखो कासवांच्या गर्दीतून निवडलेल्या या मादीला लावली होती. वृत्तपत्रांनी साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास असे छापले आणि श्रीलंकेला वळसा घालणारी एक सुबक बाणाची रेघही काढली. ती रेघ पाहून मला माझा चौथा हंगाम आठवला. आपल्यापाशी आहेत दोन ठिपके, त्यांच्यामध्ये जवळजवळ चार वर्षे. या चार वर्षांत ती एकदाच आली की दोनदा ये-जा केली, मधल्या हंगामांत तिने कोठे अंडी घातली, की अन्य कोणत्या पुळणीवर ती आली आणि त्या रात्री तेथे कोणी गेलेच नव्हते? साडेतीन हजार हा तिच्या प्रवासाचा किमान आकडा आहे, तिचा प्रवास नव्हे. तरीही, महागड्या उपग्रह टॅगने एका मादीविषयी जे सुचवले त्याला क्षुल्लक किमतीच्या पत्र्याच्या पट्टीने दुसऱ्या बाजूने दुजोरा दिला, याचे मला आजही अप्रूप वाटते. अट एकच होती: कोणीतरी त्या रात्री पुळणीवर असायला हवे होते आणि त्याने वल्ह्याकडे पाहायला हवे होते.

पत्र्याच्या पट्टीची ही परंपरा मुंबईला जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ पासून पक्ष्यांच्या पायात कडी घालायला सुरुवात केली आणि १९५९ पासून पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या देखरेखीखाली हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. कडीवर क्रमांक आणि मुंबईला कळवा अशा अर्थाची सूचना. मग कोठूनतरी दूरच्या मुलखातून पत्र येई की अमुक क्रमांकाचा पक्षी मिळाला. पण पत्र कोठून येणार? जेथे शिकारी आहे, त्याला किंवा त्याच्या शेजाऱ्याला अक्षर वाचता येते आणि जवळ टपाल कचेरी आहे तेथून. अशा पत्रांवरून काढलेल्या नकाशात पक्ष्यांच्या वाटा असतात त्याहून अधिक शिकारी आणि टपाल कचेऱ्या असतात.

आज पत्रांची जागा भ्रमणध्वनीवरच्या याद्यांनी घेतली आहे. २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भारतातले हजारो पक्षीनिरीक्षक नोंदी करतात, आणि त्यांच्यावर आधारलेला २०२३ चा भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे तीन कोटी नोंदींतून तयार झाला. तेथेही प्रश्न हाच. समजा, पूर्वी शंभर याद्या आल्या आणि त्यांतल्या वीस याद्यांत एखादा स्थलांतरित पक्षी होता. आता दहा हजार याद्या येतात आणि नऊशे याद्यांत तो आहे. नोंदी पंचेचाळीसपट झाल्या, पण प्रमाण वीस टक्क्यांवरून नऊवर आले. म्हणून अहवालकारांनी नोंदी मोजल्या नाहीत, किती टक्के याद्यांत पक्षी आला ते मोजले, आणि निरीक्षकाने किती कसून पाहिले याचा अंदाज यादीच्या लांबीवरून घेतला. हे शक्य होते ते एका साध्या प्रश्नामुळे. यादी पाठवताना विचारले जाते की, ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही यात लिहिले आहेत का? ‘हो’ म्हटले की यादीत नसलेला प्रत्येक पक्षी ‘गेलो, नाही’ होतो. त्या एका होकारात माझा हरवलेला स्वल्पविराम आहे. अशा हिशेबाने ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला त्यांपैकी २०४ घटलेल्या, ९८ स्थिर आणि ३६ वाढलेल्या निघाल्या.

रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या बाबतीत हा फरक थेट जमिनीच्या भावाशी जाऊन भिडतो. ठाण्याची खाडी २०१५ पासून अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर रोहित चरतात आणि भरतीचे पाणी चढले की आसपासच्या उथळ तळ्यांत जाऊन उभे राहतात. आता अशा तळ्याची पाहणी कोणी ओहोटीच्या वेळी केली, तर तेथे एकही पक्षी दिसणार नाही आणि कागदावर शून्य पडेल, मग तळे बुजवून जमीन करायला आडकाठी उरणार नाही. पाहणी करणारा खोटे बोललेला नसतो. तो ‘गेलो, नाही’ लिहितो, पण गेला तो चुकीच्या घटकेला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये येथील सहा रोहितांना टॅग लावले, त्यांतल्या एकाचे नाव हुमायून. हे टॅग मोबाइलच्या जाळ्यावर चालतात. पक्षी कक्षेबाहेर गेला तर नोंदी पोटात साठवतात आणि पुन्हा कक्षेत आला की ओततात. येथे कोरे रकाने मागाहून भरतात, हे पाहून कासवांच्या नकाशावर डोळे लावून बसलेल्या माणसाला हेवा वाटतो. पक्षी भरतीला कोठे आणि ओहोटीला कोठे, हे घटकाघटकाने कळले की चिखल राखून तळे बुजवणे म्हणजे पक्ष्याचे ताट ठेवून पाट काढून घेणे आहे, हे कोणालाही दाखवता येते.

एक शून्य मात्र निःसंशय होते. नागालँडमध्ये डोयांग जलाशयापाशी २०१२ च्या शरदात लाखाहून अधिक अमूर ससाणे जाळ्यांत पकडून मारले गेल्याचा अंदाज होता. पुढच्या वर्षी गावपरिषदांनी, चर्चने आणि संस्थांनी मिळून जाळी बंद केली, माणसे पहाऱ्यावर राहिली, आणि त्या हंगामात एकही ससाणा मारला गेल्याची नोंद झाली नाही. त्याच वर्षी, २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये, तीन ससाण्यांना पाच-पाच ग्रॅमचे टॅग लावून त्यांना नागा, पांगती आणि वोखा ही नावे दिली गेली. नकाशावर ते पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत गेलेले दिसले. या कामामागचे भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आर. सुरेश कुमार हेच पुढे कोकणच्या कासवांच्या टॅगमागेही होते. जलाशयाजवळच्या पांगती गावच्या लोकांनी आपल्या नावाचा पक्षी सोमालियापर्यंत जाताना पाहिला. आकडेवारीचा असा उपयोग आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हता.

तात्यांच्या वह्यांचे काम दोन रविवारांऐवजी चौदा महिने चालले. आम्ही प्रत्येक रात्रीला तीनपैकी एक खूण दिली: गेलो आणि मिळाले, गेलो आणि नाही, गेलोच नाही. काही रात्रींबाबत तात्यांनाही आठवेना. तेव्हा त्यांच्या पत्नीला विचारले. कोणाचे लग्न कधी होते, शिमग्याच्या पालखीला कोण कोठे होते, यावरून त्यांनी बऱ्याच तारखा सोडवल्या. उरलेल्या एकोणीस रात्री तशाच सोडून दिल्या. घरट्यांची संख्या गस्तीच्या रात्रींनी भागल्यावर चौथा हंगाम इतरांसारखाच निघाला, आणि सातही हंगामांत वाढ किंवा घट ठामपणे सांगता येईल असे काहीच उरले नाही. मी जरा खट्टू झालो. तात्या म्हणाले, “म्हणजे आहेत तेवढी येतायत ना? मग झालं तर.” सात वर्षांचे हे आकडे एका पुळणीपुरतेच बोलतात, असे मी समजावू लागलो, पण ते उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले होते.

वही आता त्यांनी सोडली आहे. नात वरच्या इयत्तेत गेली, तिने त्यांना फोनवर मराठी टंकायला शिकवले, आणि हंगामात रोज पहाटे साडेपाचच्या सुमारास त्यांचा निरोप येतो. विरामचिन्हे कोठे सापडतात ते त्यांना अजून गवसलेले नाही. परवा पुन्हा तेच दोन शब्द आले: गेलो नाही. मी अंथरुणातूनच फोन लावला.

“तात्या, गेला होतात की नव्हता?”

“गेलो होतो रे,” पलीकडून लाटांचा आवाज येत होता. “अजून इथेच आहे.”